दोन सेंटिमीटरांतील छिद्रे

एकाच चित्राची, एकाच रंगाची, एकाच दर्शनी किमतीची आणि वरवर पाहता एकाच छापाची दोन टपाल-तिकिटे शेजारी शेजारी ठेवली असता, अनभ्यस्त दृष्टीला ज्यांत काडीचाही भेद दिसत नाही, त्यांतील एक तिकीट व्यापारी मूठभर नाण्यांना देऊन टाकतो आणि दुसऱ्यासाठी गिऱ्हाइकाला थैली रिकामी करावयास लावतो, याचे कारण पुष्कळदा त्या तिकिटांच्या चित्रात नसते, शाईत नसते, कागदातही नसते. ते असते तिकिटाच्या कडेवरील दात्यांच्या संख्येत. हे दाते मोजण्याचे साधन, ज्याला आपल्याकडील संग्राहक छिद्रमापक किंवा सरळ परफोरेशन गेज म्हणतात, ही तशी अल्पमोली वस्तू आहे आणि म्हणूनच बहुधा ती कशीही निवडली जाते. अल्बम घेताना दहा दुकाने पालथी घालणारा, भिंग घेताना काच डोळ्याशी धरून तपासणारा मनुष्य छिद्रमापक मात्र जो पुढ्यात येईल तो खिशात टाकतो. ही बेपर्वाई मला मान्य नाही. आणि ती का मान्य नाही हे सांगावयाचे तर ही छिद्रे मुळात कोणी, कशासाठी आणि कोणत्या यंत्राने पाडली येथपासून आरंभ केला पाहिजे, कारण यंत्राचे ज्ञान नसता मापाची निवड हा आंधळा व्यवहार होतो.

इंग्लंडात 1840 सालच्या मे महिन्यात ‘पेनी ब्लॅक’ हे जगातील पहिले डिंक लावलेले तिकीट टपालकचेरीच्या खिडकीवर आले तेव्हा त्याला दाते नव्हते. एका तावावर 240 तिकिटे, त्यांत बारा-बारांच्या वीस ओळी. पेनीला एक तिकीट, शिलिंगाला एक ओळ आणि पौंडाला सबंध ताव, असा हा हिशोब तत्कालीन इंग्रजी नाण्यांवर इतका चोख बसविलेला होता की त्याच्या योजकांना, तो ताव प्रत्यक्ष फोडणाऱ्या कारकुनाच्या हातातील कात्रीचा विचार करण्याचे प्रयोजन वाटले नसावे. परंतु टपालाचा दर सर्वत्र एक पेनी झाल्यामुळे पत्रांचा ओघ वाढला आणि कात्री हीच कामाची अडचण होऊन बसली. दोन तिकिटांमधील पांढरी जागा इतकी अरुंद ठेवलेली होती की घाईने चालविलेली कात्री एकीकडे शेजारच्या तिकिटाचा लचका तोडी आणि दुसरीकडे आपल्याच तिकिटाची कड गिळून टाकी. आज चारही कडा शाबूत असलेले पेनी ब्लॅक जे दुर्मिळ समजले जाते त्याचे बरेचसे श्रेय त्या काळच्या कात्रीकडे जाते.

या अडचणीवर उपाय काढला तो हेन्री आर्चर नावाच्या आयर्लंडच्या गृहस्थाने, आणि आश्चर्याची गोष्ट ही की त्याचा टपालखात्याशी किंवा मुद्रणकलेशी आरंभी काडीमात्र संबंध नव्हता. वेल्स प्रांतातील पाटीच्या दगडाची वाहतूक करणाऱ्या फेस्टिनिओग रेल्वेच्या उभारणीत तो गुंतलेला होता. 1847 साली त्याने पोस्टमास्तर जनरलकडे अर्ज करून तिकिटे अलग करण्याच्या यंत्राची तजवीज मांडली. त्याची पहिली कल्पना छिद्रांची नव्हती. बारीक पात्यांनी कागदात तुटक तुटक चिरा पाडाव्यात आणि त्या रेषेवर तिकीट फाडावे असे त्याचे आरंभीचे यंत्र होते, आणि ते प्रयोगात टिकले नाही. तेव्हा आर्चरने चिरेचा नाद सोडून दिला आणि सुयांची रांग खालच्या पट्टीतील नेमक्या भोकांत उतरून कागदाचा बारीक गोल तुकडाच काढून टाकील अशी योजना केली. कागद कापणे आणि कागदाचा अंश काढून टाकणे या दोन क्रिया दिसावयास जवळच्या असल्या तरी टपाल-तिकिटाचा पुढील सारा इतिहास या दुसऱ्या क्रियेवर उभा आहे. कारण सुयांमधील अंतर हे यंत्र घडविणाऱ्याने एकदा ठरविले की त्या यंत्राखालून गेलेला प्रत्येक ताव तेच अंतर आपल्या अंगावर वागवू लागला, आणि त्यामुळे तिकिटाच्या कडेवर त्याच्या कारखान्याची जणू मुद्रा उमटली.

सरकारी खात्यांचा जो शिरस्ता सर्वत्र आढळतो तो आर्चरच्याही वाट्यास आला. यंत्राची उपयुक्तता मान्य, प्रयोग समाधानकारक, मात्र मोबदल्याचा प्रश्न निघताच खात्याने देऊ केलेली रक्कम काही शेकडा पौंडांच्या पलीकडे जाईना. आर्चरने ती नाकारली. प्रकरण पार्लमेंटच्या चौकशी-समितीपुढे 1852 साली आले आणि अखेरीस 1853 मध्ये 4,000 पौंड देऊन सरकारने त्याचे पेटंटहक्क विकत घेतले. ज्या मनुष्याने जगातील कोट्यवधी माणसांच्या हातचे एक दैनंदिन काम सुलभ केले त्याला सहा वर्षे दारोदार फिरावे लागले ही गोष्ट नमूद करून ठेवण्यासारखी आहे, कारण त्याचे नाव आज संग्राहकांच्या वर्तुळाबाहेर कोणी घेत नाही. प्रयोगकाळात त्याच्या यंत्राखालून गेलेली जी थोडी तिकिटे वापरात आली ती आज ‘आर्चर’ याच नावाने ओळखली जातात, हाच काय तो त्याचा सन्मान.

1854 च्या आरंभी लंडनमधील सॉमरसेट हाउसच्या सरकारी यंत्रांवरून छिद्रित तिकिटे बाहेर पडू लागली, तेव्हा छिद्रांचे प्रमाण आजच्या परिभाषेत 16 होते, म्हणजे दोन सेंटिमीटर लांबीत सोळा छिद्रे. अनुभवाअंती असे आढळले की इतकी दाट छिद्रे पाडल्याने कागद अतिशय दुबळा होतो आणि ताव हाताळतानाच फाटू लागतो. म्हणून 1855 मध्ये सुयांची संख्या कमी करून 14 हे प्रमाण धरण्यात आले. या एका फेरबदलामुळे पेनीच्या लाल तिकिटाचे 16 आणि 14 असे दोन भेद निर्माण झाले, आणि चित्र तेच, रंग तोच असताना केवळ कडेवरून काळ ओळखण्याची आवश्यकता प्रथम उत्पन्न झाली. यात आणखी एक गुंतागुंत होती. ही तिकिटे ओलसर केलेल्या कागदावर छापीत, आणि कागद सुकताना सारखा आकसत नसे, त्यामुळे सुयांची रांग तिकिटांमधील अरुंद गल्लीत नेमकी उतरविणे हे कारागिरांना मोठे जिकिरीचे काम होई. ज्या तिकिटांत छिद्रे चित्रावर चढलेली दिसतात त्यांचा हा दोष बहुतेक या आकसण्यातून आलेला आहे.

एकदा कल्पना प्रसृत झाल्यावर यंत्रांचे प्रकार वाढले. डर्बी येथील बेमरोझ यांनी 1854 मध्ये फिरत्या चक्रांच्या यंत्राचे पेटंट घेतले, त्याच जातीचे यंत्र अमेरिकेत जाऊन 1857 साली तेथील तिकिटांना छिद्रे पाडू लागले. स्वीडनने 1855 मध्ये आपली पहिलीच तिकिटे 14 प्रमाणाच्या छिद्रांसह काढली. फिनलंडने 1860 मध्ये छिद्रांऐवजी नागमोडी लांब जिभांची कड स्वीकारली, आणि ती इतकी नाजूक निघाली की सर्व जिभा शाबूत असलेले तिकीट मिळणे हे आज भाग्याचे लक्षण मानतात. यंत्ररचनेच्या दृष्टीने तीन रीती रूढ झाल्या. पहिल्या रीतीत सुयांची एकच सरळ रांग एका खेपेस एक रेषा टोचते, त्यामुळे आडव्या व उभ्या रेषा जेथे छेदतात तेथे छिद्रे कधी एकमेकांवर चढतात, कधी विलग राहतात आणि तिकिटाचे कोपरे ओबडधोबड होतात. दुसरीत फणीच्या आकाराची सुयांची मांडणी एका दाबात एका ओळीतील तिकिटांच्या तीन बाजू टोचून पुढे सरकते, म्हणून कोपरे नीट जुळतात. तिसरीत सबंध तावाची छिद्रे एकाच दाबात पडतात. संग्राहकाने कोपरा पाहूनच रीत ओळखावयास शिकले पाहिजे, कारण पहिल्या रीतीत आडव्या आणि उभ्या रेषांसाठी निरनिराळी यंत्रे वापरता येतात आणि त्यामुळे एकाच तिकिटाच्या दोन बाजूंना दोन वेगळी प्रमाणे आढळू शकतात. अशा वेळी आडव्या बाजूचे माप आधी आणि उभ्या बाजूचे नंतर सांगण्याचा परिपाठ आहे.

आपल्या देशाकडे वळलो तर आरंभ पुन्हा कात्रीनेच होतो. पुढे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झालेले आणि मुंबईच्या किल्ल्याच्या भिंती ज्यांच्या कारकीर्दीत पाडल्या गेल्या ते सर बार्टल फ्रिअर, सिंधचे कमिशनर असताना 1852 च्या जुलैत त्यांनी ‘सिंध डाक’ची उठावदार ठशांची तिकिटे काढली, ती बिनछिद्री होती. 1854 च्या ऑक्टोबरात सबंध हिंदुस्थानासाठी कलकत्त्यास छापून निघालेली अर्ध्या आण्यापासून चार आण्यांपर्यंतची तिकिटेही बिनछिद्रीच, आणि त्यांतील चार आण्यांचे दुरंगी तिकीट अष्टकोनी चौकटीच्या कडेने कापून लावण्याची जी सवय लोकांना लागली तिने त्या सुंदर तिकिटाचे फार नुकसान केले; पूर्ण कडांचे चार आण्यांचे तिकीट आणि कापून अष्टकोनी केलेले तिकीट यांच्या मूल्यातील अंतर पाहिले म्हणजे कात्रीची किंमत कळते. 1855 पासून तिकिटे छापण्याचे काम लंडनच्या डे ला रू कंपनीकडे गेले आणि तेथून 14 हे प्रमाण हिंदी तिकिटांच्या कडेवर जे बसले ते पुढे पाऊणशे वर्षे जवळजवळ अढळ राहिले.

संस्थानांची गोष्ट निराळी. भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानाने 1879 मध्ये काढलेली अर्ध्या आण्याची व आण्याची तिकिटे देशी कागदावर हातठशाने उमटविलेली आणि छिद्रांवाचून होती. तेथे छिद्रमापकाला कामच नाही, तेथे कागद आणि ठसा हेच साक्षीदार. होळकरांच्या इंदूर संस्थानाने 1886 मध्ये तुकोजीराव महाराजांच्या चित्राचे तिकीट 15 प्रमाणाच्या छिद्रांसह काढले. त्रावणकोरच्या तिकिटांत तर वेगवेगळ्या मापांची आणि मिश्र मापांची छिद्रे इतकी आढळतात की त्या एका संस्थानाचा अभ्यास करावयाचा तर चांगल्या मापकावाचून एक पाऊल पुढे टाकता येणार नाही. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात 1871 साली स्थानिक रीतीने निघालेल्या पहिल्या तिकिटांचे छिद्रणही असेच अनियमित आहे, आणि पणजीच्या त्या अपुऱ्या साधनांच्या छापखान्याचे चित्र त्या वाकड्यातिकड्या कडांत मला स्पष्ट दिसते. 1925 मध्ये नाशिकास सरकारी सुरक्षा-मुद्रणालय सुरू झाले, 1926 पासून तेथे तिकिटे छापू लागली. आणि येथे छिद्रमापकाची मर्यादाही ध्यानात येते, कारण पंचम जॉर्जची लंडनात छापलेली आणि नाशिकात छापलेली नेहमीची तिकिटे दोन्ही 14 चीच आहेत. त्यांचा भेद सांगतो तो कागदातील जलचिन्हाचा तारा: लंडनच्या कागदावर एका तिकिटामागे एक मोठा तारा, नाशिकच्या कागदावर अनेक लहान तारे.

आता मापाकडे येऊ. पॅरिसमधील डॉक्टर जाक आमाब्ल लग्रां हे ‘डॉक्टर मॅग्नस’ या टोपणनावाने तिकिटांवर लेख लिहीत. कागद आणि जलचिन्हे यांचा शास्त्रशुद्ध विचार करणाऱ्या पहिल्या पिढीतील हे गृहस्थ, आणि त्यांनीच 1866 मध्ये छिद्रे मोजण्याची ती पद्धत सुचविली जी आज सर्व जगात चालते: दोन सेंटिमीटर अंतरात जितकी छिद्रे, तो त्या तिकिटाचा अंक. दोन सेंटिमीटर हे अंतर त्यांनी निवडले यात मोठे व्यवहारज्ञान आहे, कारण त्या काळच्या सामान्य तिकिटाची लहान बाजू साधारण तितकीच भरते, आणि पेनी ब्लॅकची रुंदी पाऊण इंच म्हणजे एकोणीस मिलिमीटर होती. त्यांच्या आधी संग्राहक एका बाजूचे सर्व दाते मोजीत आणि तिकिटाचा आकार बदलला की ती संख्या निरर्थक होई. लग्रां यांनी तिकिटाचा आकार बाजूस सारून यंत्राच्या सुयांमधील अंतरच हिशोबात धरले. ही सूक्ष्म दृष्टी मला त्यांच्या शोधाचे खरे मर्म वाटते.

या अंकाचा हिशोब एकदा करून पाहिला म्हणजे साधनाच्या निवडीचे महत्त्व आपोआप पटते. 14 प्रमाण असता दोन छिद्रांच्या मध्यांतील अंतर 1.43 मिलिमीटर पडते, 15 असता 1.33. म्हणजे 14 आणि 15 यांतील भेद एका छिद्रामागे मिलिमीटरचा केवळ दहावा हिस्सा आहे, आणि साडेचौदा व पंधरा यांतील भेद त्याच्याही निम्मा. इतका सूक्ष्म भेद दाखविणारे साधन जर पुठ्ठ्याचे असेल, तर मुंबईच्या आणि कोकणच्या पावसाळ्यात, जेथे कपाटातील पुस्तकांना बुरशी धरते, तेथे त्या पुठ्ठ्यावर भरवसा कसा ठेवावयाचा? पुठ्ठा शंभरात एक भाग जरी फुगला तरी 14 जवळचे माप सुमारे 0.14 ने सरकते. म्हणून फुकट मिळालेले, वह्यांच्या मागे छापलेले किंवा पुठ्ठ्यावर ठिपके उमटविलेले मापक आमच्या हवेत गंभीर कामासाठी निकामी समजावे असे माझे स्पष्ट मत आहे. तिकीट पाण्यातून काढल्यावर तेही पूर्ण सुकल्याखेरीज मोजू नये, कारण कागद ओला असता वाढतो.

धातूच्या पत्र्यावर कोरलेले मापक फुगत नाही, पिढ्यान् पिढ्या टिकते आणि त्याच्या ठिपक्यांत दाते कसे बसतात हे बोटालाही जाणवते. पण त्यात दोन उणिवा आहेत. ते अपारदर्शक असल्यामुळे पाकिटावर चिकटलेल्या तिकिटाचे माप त्याने घेता येत नाही. आणि त्यावर पूर्ण व अर्ध्या अंकांच्याच ओळी असल्यामुळे जे तिकीट 14 आणि साडेचौदाच्या मध्ये कोठेतरी पडते ते पाहणाऱ्याला अंदाजावर सोडून देते. या दोन्ही उणिवा ज्यात नाहीत ते साधन म्हणजे पारदर्शक पट्टीवर तिरप्या, एकमेकींपासून हळूहळू दूर जाणाऱ्या रेषा काढलेले मापक, ज्याचा ब्रिटिश कंपनी स्टॅन्ली गिबन्सचा ‘इन्स्टांटा’ हा नमुना सर्वविदित आहे. तिकीट या रेषांखाली वर-खाली सरकवावे आणि ज्या उंचीवर प्रत्येक छिद्राच्या मध्यावर एकेक रेषा नेमकी येईल तेथील अंक वाचावा. दशांशापर्यंतचे माप मिळते, आणि पाकीट जसेच्या तसे पट्टीखाली धरता येत असल्याने तिकीट सोडविण्याचा प्रसंग येत नाही. सूचिपुस्तकांतील मापे वाचताना मात्र त्या त्या पुस्तकाची रीत ध्यानात धरावी लागते: गिबन्स साधारणपणे अर्ध्या अंकापर्यंत माप देतो, जर्मनांचे मिखेल पाव अंकापर्यंत जाते, त्यामुळे एकाच तिकिटाचे दोन पुस्तकांत दोन अंक दिसले तरी त्यात कोणाची चूक नसते.

अमेरिकन तिकिटांच्या अभ्यासकाला मात्र याहूनही सूक्ष्म साधनाची गरज पडते. त्या देशाची छिद्रयंत्रे इंचाच्या मापाने घडविलेली होती, सेंटिमीटरच्या नव्हे; म्हणून सुयांमधील अंतर इंचाच्या हजारांशांत मोजले तर यंत्राचे खरे स्वरूप कळते, असा विचार मांडून रिचर्ड किउसालस यांनी 1960 नंतरच्या दशकात आपला निराळा मापक प्रसिद्ध केला. त्याच्या अंकांत दोन संख्या असतात. 11-72 म्हणजे लग्रां यांच्या हिशोबाने सुमारे 11, आणि दोन छिद्रांमधील अंतर इंचाचे 72 हजारांश. 11-73 म्हणजे तेच 11, पण अंतर 73 हजारांश. लग्रां यांच्या रीतीने मोजले तर पहिल्याचे माप 10.94 आणि दुसऱ्याचे 10.79 येते, म्हणजे सामान्य मापकावर दोन्ही 11 च. अमेरिकन कॉइल, म्हणजे गुंडाळीतील, तिकिटांत जेथे एका कडेला कृत्रिम छिद्रे पाडून सामान्य तिकिटाला मौल्यवान भासविण्याचा बनाव फार झालेला आहे, तेथे हा एक हजारांशाचा भेद खऱ्या-खोट्याचा निवाडा करतो. आपल्या संग्राहकाने अमेरिकेची तिकिटे गोळा केली नाहीत तर त्याला या मापकाची गरज नाही. केली, तर त्यावाचून त्याने महाग तिकीट घेऊ नये.

आपल्याकडे या निवाड्याचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे 1948 च्या स्वातंत्र्यदिनी निघालेली गांधीजींची चार तिकिटे: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. ती नाशिकात छापलेली नव्हती. स्वित्झर्लंडच्या कूरव्वाझिए छापखान्यातून ती आली, आणि त्या छापखान्याच्या यंत्रांनुसार त्यांचे छिद्रण साडेअकरा आहे. ज्या डोळ्यांना पाऊणशे वर्षे 14 च्या बारीक दात्यांची सवय होती त्यांना ती जाड, विरळ कड प्रथमदर्शनीच वेगळी जाणवली असली पाहिजे. दहा रुपयांच्या तिकिटाची किंमत जशी वाढत गेली तशी त्याची बनावट प्रतिकृती निघू लागली, आणि ते तिकीट हाती आले की रंग, कागद, छपाई हे सर्व पाहण्याआधी मी त्याची कड मापकाखाली धरीन. साडेअकरा नसेल तर पुढची तपासणी अनावश्यक. साडेअकरा असले तरी ते खरे ठरत नाही, फक्त तपासणीच्या पुढच्या पायरीस पात्र ठरते.

तेव्हा ज्याला एकच साधन घ्यावयाचे आहे त्याने पारदर्शक तिरप्या रेषांचे घ्यावे, ज्याला दोन परवडतात त्याने पडताळ्यासाठी धातूचे एक जवळ ठेवावे, आणि कोणतेही घेतले तरी त्यावरील दोन सेंटिमीटरची रेषा चांगल्या मिलिमीटरच्या पट्टीशी ताडून पाहिल्याखेरीज दुकानाच्या पायऱ्या उतरू नयेत. वाचकांपैकी अनेकांच्या घरी, वाड्यांच्या माळ्यांवर आणि जुन्या दप्तरांच्या गाठोड्यांत, तिकिटे लावलेली पाकिटे अजून पडून असतील. त्यांच्यापाशी माझी आग्रहाची विनंती एवढीच की ती तिकिटे पाण्यात टाकून सोडवू नका आणि कात्रीने कापूही नका. पाकीट आहे तसे ठेवा, पारदर्शक मापक त्यावर धरा, आणि चारही बाजूंची मापे व पाकिटावरील टपालाच्या शिक्क्याची तारीख एका वहीत लिहून ठेवा.